सासऱ्यांसाठी मऊ काडतुसं

यंत्र निवडावं तर या हार्लननंच! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात माझी हयात गेली. गवत कापायचं यंत्र असो, बर्फ उडवायचं असो, नाहीतर साधा डबा उघडायचं असो, मी आधी अभ्यास करतो, मग चार ठिकाणी तुलना करतो आणि मगच घेतो. आता गेल्या हिवाळ्यात माझ्या बर्फ उडवायच्या यंत्रानं आमच्या अंगणातला बर्फ शेजारच्यांच्या खिडकीतून थेट त्यांच्या सोफ्यावर नेऊन टाकला, हे खरं आहे. पण टाकला किती लांब, ते बघा ना! खिडकी त्यांनी उघडी ठेवली, त्याला यंत्र काय करणार?

तर असा मी. आणि माझे सासरे एमिल, म्हणजे आमचे बाबा, अगदी माझ्या उलट. घरात जे आहे ते दुरुस्त करून वापरायचं, नवीन म्हणून काही घ्यायचं नाही. माणूस चिवट. सासूबाई गेल्यापासून एकटे राहतात, स्वतःचं स्वतः करतात आणि कोणी मदत करायला गेलं की अंगावर येतात. वर्षातला त्यांचा खरा सण एकच, ऑक्टोबरात आमच्या टर्टल क्रीक गन क्लबात होणारा पिस्तुलाचा सामना. त्या सामन्याची एक जुनी रीत आहे. लोखंडी थाळ्यांची रांग मांडतात, आणि क्लबातल्या सगळ्यांत वयस्कर माणसानं पहिली थाळी पाडल्याशिवाय सामना सुरू होत नाही. चिलीच्या, म्हणजे मटण आणि बीन्सच्या तिखट रश्श्याच्या, पातेल्यावरचं झाकणसुद्धा तोवर निघत नाही. ही पहिली थाळी कित्येक वर्षं बाबा पाडत आले.

फेब्रुवारीत बाबा बर्फावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातातला जोर गेला. उन्हाळ्यात त्यांनी एकदा पिस्तूल झाडून पाहिलं. त्या धक्क्यानं हात असा काही कळवळला, की पिस्तूल पेटीत ठेवून त्यांनी क्लबाला निरोप धाडला, यंदापासून पहिली थाळी गिलला द्या. गिल हॅस्क्यू म्हणजे वयानं त्यांच्या मागोमागचा. त्यानं नको नको म्हणत मान घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यासाठी नवी टोपी आणली.

त्यानंतर बाबा खुर्चीतून उठेनासे झाले. दिवसभर टीव्हीवर हवामान बघत बसायचे, जणू कुठे प्रवासाला निघायचंय. नॅडिन, म्हणजे माझी बायको, रोज त्यांच्याकडे जाऊन यायची. एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, "मनगटाचं काही नाही रे. बाबांनी मनातून सोडून दिलंय. सामन्याला ते उभे राहिले नाहीत ना, तर मग कशालाच उभे राहायचे नाहीत."

मी हातातलं भांडी पुसायचं फडकं खाली ठेवलं. आणि त्याच क्षणी डोक्यात दिवा पेटला! दुकानातली काडतुसं धक्का देतात ना? मग कमी धक्क्याची, मऊ काडतुसं आपण घरी भरू! आमच्याकडे अर्धा गाव तळघरात काडतुसं भरतो. झाडलेली रिकामी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडाला नवी टिकली बसवायची, आत मोजून बारूद सोडायची, वर गोळी दाबायची, झालं काडतूस. बारूद बेतानं सोडली की धक्का कमी. मी हे कधी केलं नव्हतं, पण प्रश्न मुळात यंत्र निवडण्याचा होता, आणि यंत्र निवडण्यात माझा हात कोण धरणार?

एकच अट होती, बाबांना कळता कामा नये. मदत म्हटलं की ते नाही म्हणणार. आणि बाबांना कळू द्यायचं नसेल तर गावात कोणालाच सांगता येत नाही. क्लबाची सगळी व्यवस्था बघणारी ट्विला नेमेक हिला एखादी गोष्ट सांगितली, की आपण घरी पोचायच्या आत ती गोष्टच आपल्या आधी घरी पोचलेली असते. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, की मलाच आता या वयात नेमबाजीचा नाद लागलाय. बाबा तर तेव्हा क्लबात जातच नव्हते, फोनही उचलत नव्हते.

इथून खरी धमाल सुरू झाली. आमच्या नेब्रास्कात माणूस ट्रॅक्टरच्या रंगावरून ओळखला जातो. हिरव्यावाल्यांची मुलगी लालवाल्यांच्या घरात दिली, तर लग्नात दोन्हीकडचे काका एकमेकांना पाठ करून बसतात. हे मला ठाऊक होतं. पण काडतुसं भरायच्या प्रेसमध्येही असेच पंथ आहेत, हे ठाऊक नव्हतं. निळे, लाल आणि हिरवे. गिल निळ्या पंथाचा, ट्विला लाल पंथाची. मी प्रेस घेणार ही बातमी फुटली मात्र, आणि मी उपवर मुलासारखा तळघरातळघरातून हिंडायला लागलो! प्रत्येक ठिकाणी कॉफी, केक, आणि मग पायऱ्या उतरून यंत्राचं दर्शन.

ट्विलाची प्रेस साधी. एका वेळी एकच काम करणारी. दांडा ओढला की पुंगळीला आकार येणार, मग साचा बदलायचा, पुन्हा सगळ्यांवर पुढचं काम. ती मला म्हणाली, की नवशिक्यानं इथेच सुरुवात करावी, चूक झाली तर एकदाच होते. मी मनात हसलो. दळण कांडण करत बसायला मी काय गेल्या शतकातला आहे?

गिलची प्रेस मात्र बघताक्षणी मी घायाळ झालो. प्रोग्रेसिव्ह! खाली एक गोल चकती, तिच्यावर पाच पुंगळ्या उभ्या. दांडा एकदा खाली ओढून वर ढकलला की पाचही ठिकाणी एकदम कामं. इथे जुनी टिकली पडतेय, तिथे नवी बसतेय, पलीकडे बारूद, त्यापुढे गोळी, शेवटी आवळणी. चकती एक घर पुढे सरकते आणि तयार काडतूस टोपलीत टणकन पडतं. पुन्हा दांडा, पुन्हा टण. गिल सांगत होता, की या प्रेसवर घाई करायची नाही, रेडिओ लावायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही, आणि प्रत्येक पुंगळीत बारूद डोळ्यांनी बघायची. मी मान डोलावत होतो, पण माझं लक्ष त्या टण आवाजाकडे होतं.

मी निळा झालो. ट्विला मला नंतर बरेच दिवस चिलीत बीन्स जास्त आणि मटण कमी वाढत होती, ते वेगळं.

आता सामान मागवायचं. मी प्रेस विकणाऱ्या दुकानाला फोन केला आणि धडाधड सांगत सुटलो. प्रेस, पुंगळ्या आपोआप खाली सोडणारा नळा, बारूद संपत आली की ओरडणारी घंटा, प्रेसच्या पोटात बसणारा दिवा, पुंगळ्या घासून चकचकीत करणारी घुसळणी, आणखी जे जे असेल ते. पलीकडच्या माणसानं सगळं घेतलं आणि विचारलं, पिस्तूल किती नंबरचं? साचे, चकती, गोळ्या, सगळं त्यावर ठरतं. एकदा घेतलं की दुसऱ्या नंबरला चालत नाही.

मी गारच पडलो. बाबांचं पिस्तूल किती नंबरचं? सामन्याला मी दरवर्षी जायचो, पण चिली आणि दालचिनीचे रोल खायला. नॅडिनला विचारलं तर म्हणाली, "काळं आहे. जड आहे." बाबांना विचारायची सोय नव्हती. गिलला विचारलं तर त्याला संशय येणार.

पण ट्रॅक्टरचा नटबोल्ट बघून मॉडेल ओळखणारा माणूस मी. पुंगळी बघितली की नंबर कळतो, तिच्या बुडावर कोरलेलाच असतो! दुसऱ्या दिवशी बाबा दुपारचं हवामान बघत असताना मी मागच्या दारानं त्यांच्या गॅरेजमध्ये शिरलो. टेबलाखाली कॉफीचा मोठा डबा, काठोकाठ पुंगळ्यांनी भरलेला. मूठभर काढून उजेडात धरल्या. नऊ मिलिमीटर. आणखी मूठभर काढल्या. एकजात नऊ! मी आनंदानं तो डबाच उचलला, आणि जाता जाता त्यांच्या कामाच्या टेबलाची लांबी, रुंदी, उंचीही मापून घेतली. प्रेसला तसंच भक्कम टेबल लागतं, आणि बाबांचं टेबल म्हणजे रणगाडा. माप घेऊन वळलो तर दारात बाबा उभे!

"काय मोजतोयस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, तळघरात थोडं बांधकाम काढलंय, तुमचं टेबल तिथे कसं बसेल असं टेबल हवंय. बोलताना माझं मलाच कळेना मी काय बोलतोय. बाबांनी माझ्या काखेतल्या डब्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं आणि आत गेले.

त्यानंतर बाबा बदलले. पुढच्या रविवारी स्वतः गाडी चालवत आले आणि टेबलावर ताट ठेवलं. कोलाचे! सासूबाई करायच्या तसे, मधे खसखशीचं सारण भरलेले गोड पाव. निदान तसे करायचा विचार असावा. प्रत्यक्षात त्यातला एक माझ्या हातून पडला तर फरशीचा टवका गेला. पण नॅडिनच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला आत नेऊन म्हणाली, बाबांनी पिस्तूल सोडून आता आईचा पोळपाट धरला, म्हणजे त्यांनी खरंच हार मानली. मी तिला धीर दिला. म्हटलं, थांब, माझं सामान येऊ दे.

सामान आलं. इतकी खोकी, की आणणारा माणूस विचारायला लागला, घर बदलताय का? टेबल बांधलं, भिंतीला पांढरा रंग दिला, लख्ख दिवे लावले. एरवी जाळ्यांनी भरलेलं आमचं तळघर लग्नघरासारखं दिसायला लागलं. घुसळणीत पुंगळ्या आणि मक्याच्या कणसांचा चुरा घालून बटण दाबलं. ती दिवसभर असा आवाज करायची, की वर कपाटातल्या कपबशा हळूहळू चालत कडेला यायच्या. चुरा गाळायला मी नॅडिनची नूडल्स गाळायची चाळणी घेतली. त्या आठवड्यात नूडल्स जरा करकरीत लागत होत्या, पण मी काही बोललो नाही.

आणि मग प्रेस! एका ओढीत पाच कामं होतात हे खरं, पण चूक झाली तर पाच चुकाही एकाच ओढीत होतात. ट्विलाचं बोलणं मला तेव्हा आठवलं. टिकल्या उलट्या बसल्या. गोळ्या तिरप्या उभ्या राहिल्या. एक पुंगळी अशी चेपली, की तिचा बटाट्याचा काप झाला. शेवटी मी गिललाच बोलावलं. तो स्टुलावर बसला, आणि प्रत्येक पुंगळीत वाकून बघितल्याशिवाय त्यानं मला पुढचा दांडा ओढू दिला नाही. मऊ कशी भरायची हे त्यानंच बसवून दिलं. मग आम्ही क्लबावर जाऊन त्याच्या पिस्तुलातून झाडून बघितली. काय सांगू, धक्का असा, की मांजरानं पंजा ठेवावा! मी तिथल्या तिथे उडी मारली. गिल म्हणाला, तुला एवढी मऊ कशाला हवीत? मी म्हणालो, माझा स्वभाव नाजूक आहे.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण बारूद संपत आल्यावर ओरडणारी ती घंटा आठवते ना? एका शनिवारी दुपारी मी खाली एकटाच, दांडा-टण, दांडा-टण, अशी लय लागलेली, आणि ती घंटा किंचाळली. मला ठाऊक होतं ती काय आहे. नॅडिनला नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की नवरा खाली बारुदीशी खेळतोय आणि काहीतरी बोंबलतंय. आग विझवायचं नळकांडं घेऊन ती जिन्यावरून उतरली कसली, ओघळलीच, आणि मी "अगं" म्हणेपर्यंत तिनं प्रेस, पुंगळ्या आणि मी, सगळं पांढऱ्या भुकटीनं झाकून टाकलं!

आम्ही दोघं खोकत वर आलो, तर स्वयंपाकघरात बाबा उभे, हातात कोलाच्यांचं ताट. मी नखशिखांत पांढरा.

"तळघरात काय चाललंय?" ते म्हणाले.

नॅडिन पटकन म्हणाली, "काही नाही बाबा, साफसफाई. जागा तयार करतोय. सामन्यापर्यंत होईल, मग तुम्हाला दाखवूच."

बाबांनी ताट ठेवलं. मला म्हणाले, ती लोणच्याची बरणी दे इकडे. आमच्या घरात कोणालाच न उघडणारी बरणी होती ती. बाबांनी ती उजव्या हातात घेतली, दात आवळले, चेहरा लाल झाला, आणि झाकण टपकन निघालं. बरणी माझ्यासमोर आपटून ते निघून गेले. जाताना आमची एक खुर्ची उगाचच उचलून दुसरीकडे ठेवली. मी आणि नॅडिन एकमेकांकडे बघत राहिलो. कोलाचे मात्र या वेळी मऊ झाले होते. सासूबाईंच्या हातचे वाटावेत इतके.

मी सगळ्या पुंगळ्या पुन्हा धुतल्या, वाळवल्या, घासल्या. प्रेसचा कण नि कण पुसला. आणि सामन्याच्या आधी एक सुबक पेटी तयार झाली. मऊ काडतुसं, चकचकीत, ओळीनं उभी. वर नॅडिननं लाल रिबन बांधली. पेटी हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती. "घेतील ना रे ते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, घेतील म्हणजे काय, मिठी मारतील!

सामन्याच्या सकाळी आम्ही बाबांना आणायला गेलो. चिली खायला चला, अशी थाप मारायची ठरली होती. पण ते आधीच कोट घालून पायरीवर बसले होते, मांडीवर त्यांची जुनी चामडी बॅग. आम्हाला बघताच उठून गाडीत बसले. नॅडिननं आरशातून माझ्याकडे आशेनं बघितलं.

क्लबावर सगळे जमलेले. चिलीच्या पातेल्याशी ट्विला, नव्या टोपीत गिल. बाबांना बघून सगळे त्यांच्याभोवती आले. मी ही संधी साधली. पेटी पुढे केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाबा, ही खास तुमच्या मनगटासाठी. मी स्वतः भरलीत. अगदी मऊ आहेत. पहिली थाळी तुम्हीच पाडायची."

बाबांनी रिबन सोडली. एक काडतूस काढून बोटांत फिरवलं. उजेडात धरलं. बुडावरचं बघितलं.

"नऊ," ते म्हणाले.

"नऊ!" मी छाती काढून म्हणालो.

"हार्लन, माझं पिस्तूल पंचेचाळीसचं आहे."

ट्विलाची पळी हवेत राहिली. बाबांनी बॅगेतून पिस्तूल काढून त्याची नळी मला दाखवली, पंचेचाळीस शतांश इंचाची, नऊ मिलिमीटरपेक्षा चांगलीच रुंद. तीत माझं काडतूस टाकलं असतं तर खुळखुळ्यासारखं वाजलं असतं!

मी चाचरत म्हणालो, "पण तुमच्या गॅरेजमधला तो डबा..."

"तो माझा आहे," गिल मागून म्हणाला. "म्हणजे, माझ्यासाठी ठेवलेला. एमिल दर वेळी इथली पडलेली नऊची पुंगळी न् पुंगळी वेचतो आणि वेगळी काढून मला देतो. मी त्याला टोमॅटो देतो."

आणि मग ट्विलानं, सगळ्या गावाला ठाऊक असलेली आणि मला एकट्याला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. पंचेचाळीसच्या पुंगळ्या कोणी गॅरेजात टेबलाखाली ठेवतं का? त्या महाग असतात, माणूस त्या कपाटात, आतल्या बाजूला ठेवतो. मला वाटलं, धरणीनं मला पोटात घ्यावं, प्रेससकट.

पण बाबा माझ्याकडे निराळ्याच नजरेनं बघत होते. म्हणाले, "म्हणजे तू गॅरेजात आला होतास तो पुंगळ्यांसाठी?"

"हो."

"आणि टेबल मोजत होतास ते?"

"प्रेस बसवायला."

"आणि तळघरातली ती जागा? ते बाहेरून दिसणारे दिवे, रंगाचे डबे, खोकी?"

"सगळं प्रेससाठी, बाबा," नॅडिन म्हणाली. "तुम्हाला कळू नये म्हणून..."

बाबा खाली बसले. टोपी काढली. मग म्हणाले, "मला वाटलं, माझं घर मोडून तुम्ही मला तळघरात नेऊन ठेवणार. म्हातारा आता एकटा राहू शकत नाही म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी कणीक तिंबतोय मी. हातात जोर आहे हे तुम्हाला दिसावं म्हणून."

नॅडिननं वाकून त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि रडायलाच लागली. बाबा तिच्या पाठीवर थोपटत होते, उजव्या हातानं. मग त्यांनी तो हात वर करून स्वतःच बघितला, मूठ आवळली, उघडली, पुन्हा आवळली.

"गिल," ते म्हणाले, "तुझी टोपी चांगली आहे. पण ती पुढच्या वर्षी घाल."

ते उठले, आणि आम्ही सगळे कानांवर आवाज अडवणारे मफ चढवून मागे सरलो. बाबांनी बॅगेतली आपलीच काडतुसं भरली, दुकानातली, धक्का देणारी. दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं. मी डोळे मिटले होते, ते आवाज झाल्यावर उघडले. गोळी थाळीच्या अगदी कडेला लागली होती. थाळी हलली, मागे झुकली, पुन्हा पुढे आली, विचारात पडली. सगळ्या क्लबानं श्वास धरला. आणि ती धाडकन आडवी झाली!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! ट्विलानं पातेल्यावरचं झाकण काढलं. गिल टोपी हवेत उडवून पुन्हा झेलत होता. बाबा मनगट चोळत माझ्यापाशी आले. म्हणाले, दुखतंय, पण चालेल. मग माझ्या खांद्यावर तोच हात ठेवला. "यंत्र चुकलं तुझं," ते म्हणाले, "पण तू आमच्या घरात आलास ते बरंच झालं." मला चिली तिखट लागली असं मी सगळ्यांना सांगितलं.

माझी नऊची पेटी वाया गेली म्हणता? छे! गिलचं पिस्तूल मागून घेऊन नॅडिननं ती झाडली. लहानपणी बाबांनी शिकवलेलं तिच्या हातात होतंच. शेवटून पहिली येईल म्हणून मी तिला धीर द्यायला उभा होतो, तर ती माझ्या मऊ काडतुसांनी बायकांत दुसरी आली. गिलनंही मग ओळखलं, माझा स्वभाव नाजूक का होता ते.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. सोमवारी बाबांना मी तळघर दाखवलं. ते प्रेसभोवती फिरले, दांडा एकदा ओढून बघितला. चकती सरकली. त्यांनी पुन्हा ओढला. मग म्हणाले, रंग चुकलाय, पण हिला पंचेचाळीसचे साचे मिळतात का? मी फोन लावला आणि या वेळी नंबर बाबांनाच सांगायला लावला.

तेव्हापासून रोज सकाळी त्यांची गाडी आमच्या दारात. कोलाच्यांचं ताट वर ठेवतात आणि थेट खाली. ज्या तळघराच्या धास्तीनं माणूस कणीक तिंबत बसला, त्या तळघरातून त्यांना जेवायला वर बोलवायचं म्हणजे नॅडिनचा घसा बसतो. मला दांड्याला हात लावायची परवानगी नाही. मी नुसत्या पुंगळ्या घासतो.

काल बाबा म्हणाले, इथे बसायला एक चांगली खुर्ची हवी. माझे डोळे चमकले. पाठीला टेकू, उंची कमीजास्त होणारी, खाली चाकं, हात ठेवायला गादी, असं मनात सगळं उभं राहिलं आणि मी फोनकडे धावलो.

"तू बस," बाप-लेक एकदम म्हणाले. "खुर्ची आम्ही आणतो."